माजघरातला विटाळ

कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा आमच्या वलगावात माणसांनी ताळतंत्र सोडलं होतं. सातासमुद्रापार कुठे लढाई जुंपली म्हणे, आणि इकडे माझ्या थोरल्या भावाने घरातल्या गाद्या उसवल्या. गाद्या, उशा, वडिलांची बैठकसुद्धा, सगळं अमरावतीच्या बाजारात गेलं. "भाव उतरला का नव्या भरून घेऊ," तो म्हणे. हिशेब चोख होता. कार्तिकातली थंडी तेवढी त्यात धरलेली नव्हती.

त्याच थंडीत वहिनी सातव्या महिन्यात बाळंत झाली. पोर तळहातावर मावेल एवढंसं. जुन्या लुगड्यांत गुंडाळलं, शेक दिला, तरी ओठ निळेच. "आजची रात निघाली त देवाची किरपा," सुईण म्हणाली. माजघरात नव्या वेचणीचा कापूस आढ्याला टेकला होता. वहिनीने त्यातला ओंजळभर मागितला. भाऊ म्हणाला, सौदा झालेल्या मालाला हात लावायचा नाही. आई म्हणाली, बाळंतिणीचा विटाळ बारशापर्यंत असतो. तिने लक्ष्मीला शिवायचं नाही.

सकाळी व्यापाऱ्याच्या बैलबंड्या दाराशी लागल्या. भावाने माजघराचं दार उघडलं. मी मागेच होतो. ढिगाच्या मधोमध, कमरेपर्यंत कापसात वहिनी बसली होती आणि तिच्या कुशीत पोराचं फक्त तोंड बाहेर होतं.

"हे काय करून ठेवलं?" भाऊ ओरडला. "साऱ्या मालाले इटाळ झाला!"

"झाला न?" वहिनी म्हणाली. "मंग आता इकता येत नाही."

एकेक नियम आम्हीच तिला आडवा घातला होता, आणि ती त्याच नियमावर ठाण मांडून बसली होती. ओंजळभर मिळाला नाही म्हणून बाईने सगळाच घेतला! असं उफराटं डोकं मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. खरं सांगतो, मला तिचा संतापच आला होता.

विटाळाचा माल व्यापारी कशाला उचलतो? बारशानंतर गोमूत्र शिंपडून ठेवा, म्हणाला आणि गेला. भावाने बायकोशी बोलणं टाकलं. आई उंबऱ्याबाहेरून ताट सरकवी आणि पोराकडे बघून जाई. पोराच्या ओठांवर लाली आली. पण ढिगाबाहेर काढलं की पुन्हा निळं पडे.

बारसं झालं, व्यापारी बंड्या घेऊन परत आला. भाऊ टोपली घेऊन माजघरात शिरला. वहिनीजवळचा नियम आता संपला होता. ती पोराला छातीशी धरून नुसती बघत राहिली.

तेवढ्यात आई ओसरीवर आली. सोवळ्याओवळ्यात गावाला धाक घालणारी बाई. "सेठ, बंड्या वापस न्या," ती म्हणाली. "आमच्या घरी इटाळ सव्वा महिना पायतेत."

भावाच्या हातातली टोपलीच पडली. "माय, कधीपासून?"

"आजपासून," आई म्हणाली, आणि सरळ माजघरात जाऊन तिने पोराच्या पायांवर कापूस ओढून घातला.