सरकारनं दिलेली वकीलबाई

म्हसवडकडची मेंढरं दिवाळीनंतर उसाच्या मुलखात उतरतात. भामाबाई आणि तिचा नवरा हरिबा यांचा तळ त्या वर्षी कडेगावजवळ, कालव्याकडेच्या रानात होता. हरिबा मेंढरांमागं, भामाबाई पाण्याला गेलेली, आणि तीन वर्षांची शिवांजली जुन्या लुगड्याच्या पट्टीनं खुंटाला बांधलेली. जाणाऱ्या कुणीतरी व्हिडिओ काढला, हेल्पलाइनला फोन लावला, आणि संध्याकाळी पोर बालगृहात पोचली. फोन करणाऱ्याला तरी काय बोल लावायचा? खुंटाला लेकरू बघून कुणीही फोन लावलाच असता.

लेक परत द्यायची की नाही, ते बालकल्याण समिती ठरवणार होती. भामाबाईला वकील मिळाला, पल्लवी नावाची तरुण बाई. तिचे पैसे सरकार देणार, हे ऐकताच भामाबाईनं काय ओळखायचं ते ओळखलं. लेक नेली सरकारनं, वकील दिला सरकारनं, म्हणजे ही त्यांचीच. एवढं न कळायला ती काही दूधखुळी नव्हती.

"म्या बांधलीच न्हाई. खेळता खेळता गुरफाटली आसंल," ती म्हणाली.

पल्लवीनं वाद घातला नाही. "तुम्ही सांगाल ते माझ्यापाशीच राहील. समितीनं विचारलं तरी तुम्हाला विचारल्याशिवाय मी सांगणार नाही."

भामाबाईचा यावर काडीचाही विश्वास बसला नाही. पण मन इतकं भरून आलेलं, की ती भडाभडा बोलून गेली. दोन वर्षांपूर्वी तिचा थोरला मुलगा गुंडा असाच तळाजवळच्या कालव्यात बुडून गेला होता. तेव्हापासून पाण्याकडेला तळ पडला, की ती लेकीला बांधून घागर भरायला धावायची. बोलून झालं आणि तिला धडकी भरली. आपल्याच तोंडानं आपण लेक घालवली, असं तिला वाटलं.

सुनावणीत अध्यक्षबाईंनी थेट पल्लवीलाच विचारलं, "आईनं मुलीला बांधलं होतं का?"

आता सगळं बाहेर पडणार, असं भामाबाईनं धरूनच घेतलं.

"त्या माझ्याशी काय बोलल्या, ते मी सांगू शकत नाही," पल्लवी म्हणाली. पुन्हा विचारलं, तर पुन्हा तेच, आवाज न चढवता.

भामाबाई थक्क झाली. सरकारचं मीठ खाणारी बाई सरकारपुढं उभी राहून एका मेंढक्याच्या बायकोचं गुपित राखत होती. आजवर कुठल्याही साहेबापुढं तिची बाजू कुणी घेतली नव्हती. म्हसवडच्या सिद्धनाथाच्या गाभाऱ्यात यायचा तसा काटा तिच्या अंगावर आला. ती आपण होऊन उठली.

"म्या बांधली. पाण्याच्या भ्यानं. एक लेकरू गेलंय माझं. बांधणं लय वाईट, ठावं हाय मला. पर सांभाळाय दुसरं कोन न्हाई."

मग पल्लवी बोलली, आणि काय बोलली! तळ पडेल त्या गावच्या अंगणवाडीत दिवसा पोर राहील, असा मार्ग तिनं मांडला. समितीला तो पटला. लेक आईला मिळाली.

बाहेर शिवांजलीला कडेवर घेऊन भामाबाईनं भीत भीत विचारलं, "आवं बाई, तुमी त्यास्नी सांगितलं न्हाईसा. नोकरी न्हाई ना जायची?"

"याच कामाला नेमलंय मला."

"सरकारनं? माज्यासाठी?"

"तुमच्यासाठी."

गुंडा गेल्यापासून भामाबाईनं चारचौघांत डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. तिथं फाटकाशी, लेकीला छातीशी धरून, ती हमसून हमसून रडली.