फाटकासमोरची जागा

आमच्या कॉलेजच्या मधून रस्ता जायचा. एका बाजूला मुख्य इमारत, समोर सायन्सची इमारत, आणि मधला रस्ता म्युनिसिपालिटीचा. त्यामुळे कॉलेजच्या आवारात असूनही त्या रस्त्यावर राज्य प्राचार्यांचं नव्हतं, ट्रॅफिकच्या हवालदाराचं होतं. फाटकापाशी ‘गाड्या लावू नयेत’ अशी पाटी होती. गाड्या लावायच्या त्या मागे, जिमखान्याच्या मैदानात. मैदान म्हणजे काय, खडी टाकलेला उतार. धडधाकट पोरं तिथून धावत यायची आणि तरी लेक्चरला उशिरा पोचायची.

माझ्या उजव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला. पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर घालून सपाट जमिनीवर मी बरी चालते, कुणाच्या बापाला ऐकत नाही. पण खडीवर माझी वाट लागते. कॅलिपरचा बूट घसरतो आणि गुडघ्याला लॉक असल्यामुळे सावरता येत नाही. माझ्या मोठ्या भावाने एक जुनी स्कूटर घेऊन कुर्ल्याच्या गॅरेजात तिला मागे दोन जादा चाकं बसवून घेतली होती. घाटकोपरच्या आमच्या चाळीतून आग्रा रोडने मुलुंडपर्यंत मी एकटी जायची. त्याआधी कुणी ना कुणी मला धरून, टेकू देऊन, कधी चक्क उचलून न्यायचं. मला उचललेलं अजिबात खपत नाही, तेव्हाही खपत नव्हतं. त्या गाडीमुळे मी पहिल्यांदा माणसात आले.

आता ही गाडी लावायची कुठे? प्राचार्यांकडे गेले तर ते म्हणाले, रस्ता आमच्या हातात नाही, पोलिसांकडे अर्ज करा. छान! म्हणजे यांनी हात वर केले. मी खट्टू होऊन फाटकाबाहेर आले, तर तिथे ड्युटीवरचा हवालदार माझ्या गाडीची मागची चाकं निरखत उभा. मी म्हटलं, झालं, आता हा हवा सोडणार. त्याने नाव विचारलं, आडनावावरून गाव विचारलं, आणि त्याचा चेहराच बदलला. बाबांच्या वाडीच्या पलीकडची त्याची वाडी! दोघं एकाच गावकरी मंडळात. बाबांना तो ‘दादा’ म्हणायचा म्हणे, मंडळाच्या सभेत शेजारी बसायचा.

“मगे काय!” तो म्हणाला. “तुजी गाडी माका दिसणाच नाय, बाय. लाव फाटकासमोर.”

त्या दिवसापासून ते माझे काका झाले. दोन वर्षं माझी गाडी फाटकासमोर, पाटीच्या बरोब्बर खाली. घरी आईबाबा मालवणी बोलतात, मी बोलते ती मुंबईची खिचडी. पण काकांनी “गो बाय” म्हटलं की बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

काकांचा कारभार मात्र बघण्यासारखा होता. नियम एकच, पण माणसागणिक त्याचं रूप वेगळं. प्राध्यापकांची फियाट पाटीखाली उभी असली की काका तोंड फिरवून तंबाखू मळत बसायचे. बिल्डरच्या मुलाच्या गाडीला “शेठ, जरा पुढे घ्या” असं गोडीत. साध्या पोराची मोटरसायकल असली तर तो काय बोलतो त्यावर ठरायचं. “सॉरी काका” म्हणाला तर नुसत्या शिव्या. वाद घातला तर वॉल्व्ह काढून खिशात, ढकलत न्या आता गाडी भांडुपपर्यंत. कायदा शिकवायला लागला तर क्रेन. आम्ही मुली कँटीनच्या खिडकीतून ही मजा बघायचो आणि पैजा लावायचो, आज कुणाची हवा जाणार. तेव्हा हसू यायचं.

मी एकदा काकांना म्हटलंही होतं, की मी तुमच्या साहेबांकडे रीतसर अर्ज करते, लेखी परवानगी मिळाली तर तुमच्याही डोक्याला ताप नको. ते दुखावलेच.

“अगो, अर्ज कित्याक? मी आसय मां! गावचो माणूस हयसर उभो आसताना कागद कित्याक व्हयो?”

बाबाही तेच म्हणाले. गाववाला शब्द देतो म्हणजे झालं. विषय संपला.

तिसऱ्या वर्षाची परीक्षा आली. आमच्या घरात माझ्या शिक्षणावरून आधीच कुरबुर होती. मोठा भाऊ लग्नाचा, बाबांची गिरणी संपानंतर बंद पडलेली, ते भांडुपच्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन. घरात स्पष्ट ठरलं होतं, पोरगी पास झाली तर बँकेच्या परीक्षांना बसू दे, नापास झाली तर पुन्हा कॉलेज नाही, घरी बसून शिवणकाम. लग्नाची तर माझ्या बाबतीत कुणी गोष्टच काढत नव्हतं. म्हणजे माझ्यासाठी ही परीक्षा म्हणजे घराबाहेर पडायचा एकच दरवाजा होता. काकांना हे सगळं ठाऊक होतं. ते स्वतःहून म्हणाले, “परीक्षेच्या टायमाक बिनधास्त येवन गाडी लाव. कोणाचो बाप येवंदेत, मी बघतंय.”

आणि मग आंब्याची पेटी आली.

आमच्याकडे गावाहून पहिली पेटी आली की आधी देवापुढे, मग गाववाल्यांना. ही रीत मोडलेली मी कधी पाहिली नाही. गिरणी बंद पडली त्या वर्षीसुद्धा बाबांनी चार-चार आंबे का होईना, वाटलेच. या वर्षी त्यांनी ठरवलं, काकांना अख्खी पेटी द्यायची, पोरीचं इतकं करतात. दोनदा त्यांच्या घरी गेले, ते ड्युटीवर. इकडे आंबे पिकून वास सुटलेला. तर आमचे बाबा, नाकासमोर चालणारा माणूस, कामावरून सुटल्यावर पेटी खांद्यावर घेऊन सरळ पोलीस चौकीत!

संध्याकाळी खुशीत घरी आले आणि आईला सांगायला लागले. चौकीत साहेब बसले होते. साहेबांनी विचारलं, पेटी कशाबद्दल? “मी म्हटलंय, सायबानू, आमच्या चेडवाची गाडी हे रोज कॉलेजसमोर लावूक देतत. मोठो उपकार आसा.” आणि वर पेटी फोडून, गवत बाजूला करून, साहेबांनाही दोन आंबे काढून दिले!

आई कपाळाला हात लावून बसली. “अहो, चौकीत कित्याक न्हेलात?” बाबांना कळेचना की यात काय चुकलं. चोरून दिली असती तर चुकलं असतं, उघड दिली यात काय? मला कळलं होतं, काय चुकलं ते. पण दुसऱ्या दिवशी अर्थशास्त्राचा पेपर होता. मी पुस्तकात डोकं घातलं आणि स्वतःला समजावलं, काका आहेत ना.

सकाळी फाटकाशी पोचले तर रस्त्याच्या कडेला पोलिसांची जीप. साहेब खाली उतरून उभे होते. काका त्यांच्या पुढ्यात, ताठ. मी नेहमीसारखी पाटीखाली गाडी लावली, कॅलिपरचं लॉक बसवलं, उतरले. तेवढ्यात शिट्टी. दोन वर्षांत माझ्यावर पहिल्यांदा वाजलेली शिट्टी.

“ओ मॅडम! गाडी काढा. बोर्ड दिसत नाही का? शिकलेल्या ना तुम्ही?”

मी मागे वळून बघितलं, कोणती मॅडम म्हणून. शपथ सांगते, मला खरंच वाटलं की ते दुसऱ्या कुणाला बोलताहेत. मी म्हटलं, “काका, पेपर आहे माझा.”

“काका-बिका काय? नियम सगळ्यांना सारखा.”

तेव्हा साहेब चार पावलं पुढे आले. माझ्या पायाकडे बघितलं, गाडीच्या जादा चाकांकडे बघितलं. वयस्क माणूस होता, आवाज शांत. म्हणाले, “हवालदार, असू दे. बाईंना चालायला त्रास दिसतोय. परीक्षा आहे, राहू दे गाडी आजच्या दिवस.”

माझा जीव भांड्यात पडला. पुढचे शब्द मात्र माझ्या काकांचे होते.

“नाही साहेब. यांचं रोजचंच आहे. किती वेळा सांगितलं, ऐकतच नाहीत. उलट वडिलांना चौकीत पाठवतात.”

कानशिलात बसावी तशी मी उभी राहिले. रोजचंच आहे! सांगून ऐकत नाहीत! जो माणूस मला हाताने खूण करून ‘हय लाव, अजून जरा मागे घे’ म्हणायचा, तो हे बोलत होता, आणि माझ्याकडे बघत नव्हता, जीपच्या टायरकडे बघत होता. साहेबांचा चेहरा कडक झाला. साहजिकच आहे. त्यांनी मान हलवली आणि ते जीपकडे परत गेले. मी काहीतरी बोलायला हवं होतं, पण घंटा व्हायला आली होती आणि मी मुकाट कॅलिपरचं लॉक सोडवलं. माझ्यासारखीने, विचार करा!

गाडी काढली. मैदानात नेली. खडीच्या उतारावर पहिल्या काही पावलांतच पडले, दोन्ही तळहात सोलवटले, साडीचा काठ फाटला. दोन पोरांनी मला काखेत हात घालून उचललं आणि जिन्यापर्यंत आणून सोडलं. चांगली पोरं होती बिचारी, पण मला त्या क्षणी त्यांचाही राग आला. पेपर सुरू होऊन बराच वेळ झाला होता. पर्यवेक्षक बाईंनी आत घेतलं, पाणी दिलं. पेन धरलं की तळहात चुरचुरायचा. शेवटचा प्रश्न तर मी वाचलाही नाही. पुढे निकालात त्या विषयात काठावर पास झाले. पण त्या दिवशी मी नापास झाले असंच धरून घरी आले.

आणि घरी कोण? काका. खाटेवर बसलेले, हातात चहा, समोर बाबा मान खाली घालून.

“दादा, सायब माज्या पाठीमागे उभो होतो,” काका सांगत होते. “पेटीवरना काल माका काय काय आयकवल्यान. नोकरीचो प्रश्न होतो. मी काय करतलंय?”

“तुजा काय चुकला नाय रे,” बाबा म्हणाले. “माजीच अक्कल खय गेली होती. चौकीत न्हेवक नको होती.”

मी दारातच थांबले. म्हटलं, “बाबा, साहेब गाडी राहू देत होते. स्वतः म्हणाले, असू दे. यांनीच सांगितलं की ही रोजचीच आहे, ऐकत नाही. विचारा ना, समोर बसलेत.”

बाबांनी काकांकडे बघितलं. “होय रे?”

काकांनी चहाचा घोट घेतला. “तसा काय नाय, दादा. चेडू घाबरला होता. परीक्षेच्या गडबडीत काय आयकला, काय नाय.”

खोटं! सरळ सरळ, माझ्या घरात बसून, माझ्या आईने केलेला चहा पिता पिता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. आणि माझ्या बाबांनी, ज्यांना मी आयुष्यात कधी खोटं सांगितलं नव्हतं, मान डोलावली. पोलिसाचा साहेब कशाला सोडायला जाईल, असं ते म्हणाले. गाववाला मात्र खोटं बोलणार नाही.

माझे तळहात मी त्यांच्यासमोर धरले होते. बाबांनी ते बघितले आणि नजर वळवली. त्यांना काकांशी बिनसलेलं निस्तरायचं होतं, मंडळात उद्या तोंड दाखवायचं होतं. मी तर काय, घरचीच.

“झाला ता झाला,” काका म्हणाले. “उद्या सायब ठाण्याक जातले. उद्या खुशाल फाटकासमोर लाव, बाय.”

“आणि परवा?” मी विचारलं. “परवाही पेपर आहे.”

“परवाचा परवा बघू.”

“म्हणजे तुम्हाला ज्या दिवशी भीती वाटणार नाही, त्या दिवशी मी कॉलेजात जायचं?”

“गप रव!” बाबा ओरडले. माझ्यावर ते क्वचित ओरडायचे. “मोठ्या माणसाशी असा बोलतत? काकान दोन वर्सां तुका सांभाळल्यान. उद्या पेपर आसा. पाया पड काकाच्या, आणि आत जा.”

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. मला वाकता येत नाही. कॅलिपरचं लॉक असताना तर नाहीच. गणपतीत, लग्नात, आजोबा गेले तेव्हासुद्धा मी नुसते हात जोडायची, आणि कुणी नातेवाईक कुरकुरला तर हेच बाबा त्याच्यावर उखडायचे, आमच्या चेडवाक कोणी वाकूक सांगूचा नाय म्हणून. आता तेच सांगत होते. मी भिंतीला धरून उभी राहिले आणि वाट बघितली, की आता त्यांच्या लक्षात येईल. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या लक्षात येत नव्हतं.

लक्षात आलं ते काकांच्या. त्यांनी कप खाली ठेवला आणि हात वर केला, फाटकाशी एखाद्याला जाऊ देताना करायचे तसा.

“ऱ्हवांदेत, दादा. तिका वाकूक जमणा नाय. सोडलंय मी.”

आणि माझ्या बाबांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की केवढ्या मोठ्या मनाचा हा माणूस. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या.