भाऊजींनी मोडलेली भाकरी

समोरच्याला सहज कळावं म्हणून जिवाचा इतका आटापिटा करणारा आणि तरीही कुणाला काडीचं न कळणारा माणूस आमच्या भाऊजींखेरीज अख्ख्या इंदापूर तालुक्यात सापडायचा नाही. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लासुर्ण्यात उसाच्या कडेला पत्र्याच्या खोलीत बसून ते पाण्याचे पंप लांबून चालवणाऱ्या एका कंपनीसाठी कॉम्प्युटरच्या सी भाषेत प्रोग्राम लिहितात. काय काम करता, असं चुकून कुणी विचारलंच, तर भाऊजी आधी भाकरी मागवतात. "तात्या, ही आख्खी भाकरी म्हंजी नेटवर्कवरच्या मशिनीचा पत्ता, मशिनीला कळतो तसा. एकच लांबलचक आकडा. आपल्याला वाचता येत न्हाय. म्हणून चार तुकडं करायचं." मग तुकड्यांच्या मध्ये एकेक शेंगदाणा ठेवतात, ती टिंबं. "झाला का न्हाय वाचण्याजोगा?" शेजारचे तात्या मान डोलवतात आणि भाऊजी तो पत्ता खाऊन टाकतात. पाहुणे येणार म्हटलं की मी दोन भाकऱ्या जास्तच थापते.

दुसरा हट्ट म्हणजे परगावी मुक्काम करायचा नाही. कळसला सख्ख्या मावसभावाचं लग्न होतं, तर अक्षता पडल्याबरोबर हे जेवणही सोडून घरी हजर! अशा माणसाला मुलगी कोण देणार? वय छत्तिशीला आलं, नकारांची सवय झाली. रात्री आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, "माज्या माघारी ह्याचं कसं व्हायचं गं?" म्हणून डोळे पुसायच्या, तेव्हा मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची.

शेवटी बारामतीचं एक स्थळ आलं. मुलगी पुण्यात कॉम्प्युटरच्याच नोकरीत. पोहे समोर आले, तिच्या वडलांनी कामाचं विचारलं आणि मी डोळे वटारेपर्यंत भाऊजी म्हणालेसुद्धा, "भाकरी हाय का घरात?" वडलांना वाटलं, पाहुण्यांना पोहे पुरले नाहीत. भाकरी आली, मोडली गेली. भाऊजींनी हौसेनं प्रोग्राममध्ये हे तुकडे करणाऱ्या फंक्शनचं नावही सांगितलं.

मुलगी हळूच म्हणाली, "पण त्या जुन्या फंक्शनकडं उत्तर लिहायला पाटी एकच असते ना? एका ओळीत दोन पत्ते मागितले, की एक लिहिताना दुसरा पुसला जातो. दोन्हीकडं एकच पत्ता छापला जातो."

भाऊजींनी हातातला तुकडा ताटात ठेवला. कित्येक दिवस त्यांच्या पडद्यावर दोन पंपांचा एकच पत्ता येत होता आणि ते बिचाऱ्या वायरमनला बोल लावत होते.

"मग काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"नवं फंक्शन आहे. त्याला पाटी आपण आपली द्यायची."

परतीच्या वाटेवर हा बोलघेवडा माणूस फोनवर ते नवं फंक्शनच वाचत बसला.

दुसऱ्या दिवशी निरोप आला: मुलगा गुणाचा आहे, पण पोरगी पुणं सोडून लासुर्ण्यात राहायची नाही. आत्याबाई देवापुढं जाऊन बसल्या. भाऊजी मात्र स्वयंपाकघराच्या दारात आले.

"वैनी, परत फोन लावा. म्हणावं, मी पुण्याला येतो."

"अहो, तुम्ही कळसला एक रात्र काढली नाहीत!"

"काढीन की." मग खाली बघत म्हणाले, "तिला कळलं, वैनी. मी काय करतो ते तिला कळलं."

भाऊजी पुण्याला गेले तर त्या पत्र्याच्या खोलीत दुपारचा चहा कुणासाठी न्यायचा, असं मनात आलं आणि डोळे भरले. पण मी फोन लावला. तिकडून तिनंच उचलला. मी तो भाऊजींच्या हातात दिला आणि दार ओढून घेऊन बाहेर आले.