सोंगासाठी दिलेली बंडी

"हात वर करा, गुरुजी," एवढं म्हणून तो मान दुसरीकडे वळवायचा. माप घेताना गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचं नाही, हा त्याचा रिवाज. माणूस पोट आत ओढून उभा दिसला की त्याला हसू फुटायचं म्हणे. माझ्या वेळी त्याला मान जरा जास्तच वळवावी लागे.

आखाडा बाळापूरच्या वाटेवरच्या आमच्या गावात, एका कापडदुकानाच्या ओट्यावर त्याची मशीन होती. मी शाळेतला मास्तर, तो टेलरमास्तर. राहायला शेजारच्या बंजारा तांड्यावर. तुमच्याही गावात असा एखादा असेल, एरवी मुका आणि एकाच विषयावर खुलणारा. त्याचा विषय म्हणजे त्याचा बाप, तांड्याचा नायक. निजामाच्या राज्यात तांड्यावरच्या माणसांना गुन्हा नसतानाही चौकीवर हजेरी द्यावी लागे. "बाप म्हातारा होईपर्यंत हजेरी देत गेला, गुरुजी. पण चोरी? सुतळीची न्हाई." हे मी पंचवीस वेळा तरी ऐकलं असेल.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि गावात कबड्डीचं वेड शिरलं. सेनगावच्या संघाच्या झेंड्यावर वाघ होता, मग आम्हालाही निशाणी हवी झाली. चढाईत गुण लुटून आणायचे, म्हणून संघाचं नाव ठेवलं लुटारू. रंगवणाऱ्याला बाकी काही सांगितलं नव्हतं. त्यानं आपणहून पागोटं बांधलेला, कानात बाळ्या घातलेला, बगलेत कोंबडी दाबलेला तांड्यावरचा गडी काढला. कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. मलाही दिसलं नाही, हे आज लिहिताना हात थांबतो.

सामन्याआधी तसंच जिवंत सोंग मैदानात फिरवायचं ठरलं. लोकांना हसवण्यात मी पटाईत, तेव्हा सोंग माझ्याकडे आलं. झेंडा अजून घडीतच होता. मी टेलरमास्तरला इतकंच सांगितलं, की सोंगासाठी नायकाचा पोशाख हवा. कोंबडीचं बोललो नाही.

तो हरखला. पेटीत जपून ठेवलेली बापाची बंडी आणि लाल पागोटं घेऊन आला. बाप सडपातळ, मी हा असा. दोन्ही बगलांत पट्ट्या घालून त्यानं बंडी माझ्या अंगाला बसवली. "बापाला आता समदं गाव बघंल," तो म्हणाला.

सामन्याच्या दिवशी तो म्हाताऱ्या आईलाही घेऊन आला. दोघं पुढच्या रांगेत बसली. मी तोंडाला काजळ फासून, कोंबडी बगलेत मारून धावत आलो. मागे झेंडा उलगडला. कुणीतरी ओरडलं, कोंबड्या झाका रे. लोक हसून लोळले आणि मी आणखी रंगात आलो. मग ती दोघं दिसली. म्हातारी माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती बंडीकडे बघत होती.

तो उठून मैदानात आला. हातात शिवण उसवायचं ब्लेड होतं. मला वाटलं, आता हा मारतो.

"हात वर करा, गुरुजी."

मी केले. कोंबडी सुटून पळाली, पण कुणी हसलं नाही. त्यानं दोन्ही पट्ट्या सावकाश उसवून काढल्या, बंडी माझ्या अंगातून उतरवली, डोक्यावरचं पागोटं काढलं. या वेळी त्यानं मान वळवली नाही.

"बाकीच्यांचं सोडा," तो हळू म्हणाला. "तुमाला तर मी सांगितलं व्हतं."

नंतर संघाची बैठक बसली. कप्तानानं विचारलं, सेनगावच्या वाघाला कधी राग आलाय का? गंमत मनावर घेतली तर खेळायचं कसं? दोघंतिघं म्हणाले, झेंडा बदलू. मग सगळे माझ्याकडे बघू लागले. मी सतरंजीकडे बघत राहिलो. झेंडा तोच राहिला.

पुढच्या बाजाराला ओट्यावर मशीन नव्हती. कुणी म्हणे, कनेरगाव नाक्याला गेला. मी शोधायला गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार?

त्याच्यापेक्षाही आज जास्त आठवते ती म्हातारी. सामना सुरू झाला तरी ती मैदानाच्या कडेला बसून होती. मांडीवर नवऱ्याचं पागोटं घेऊन, त्याच्या काठाला लागलेलं माझं काजळ ओढणीनं पुसत होती. पुसेल तसं ते पसरत होतं.