पाव्हणा, मापाडी आणि आक्का

आक्का गेल्याचा भाचीचा फोन आला तेव्हा मी बिडकीनच्या स्टँडवर उभा होतो. आणि पहिला विचार काय यावा? आता तिच्या वह्यांना हात लावला तर वस्सकन अंगावर येणारं कुणी उरलं नाही... माझी थोरली बहीण. जायकवाडीच्या पाण्याजवळच्या शाळेत बाई होती. हट्टी इतकी, की तिच्यापुढं मी जन्मात कधी जिंकलो नाही.

थंडीत त्या पाण्यावर समुद्राकडचे पक्षी उतरतात. पुस्तकात त्यांना कुरव म्हणतात, सुरय म्हणतात. आक्काला हवी होती ती तिथं मासे धरणाऱ्यांच्या तोंडची नावं. म्हातारी माणसं थकत चालली, पोरं कंपन्यांत लागली. ही नावं आता जाणार, याचा तिला घोर लागला होता. पहिल्या वर्षी ती चित्रांचं पुस्तक घेऊन गेली. जाळं शिवत बसलेल्या गयाबाईंनी एकेका चित्राला नाव दिलं. वही भरली, आक्का खूश. शेवटच्या पानावर बर्फातला पेंग्विन निघाला, तर गयाबाई म्हणाल्या, "ह्यो उभा बगळा."

"कुठं पाहिलात?"

"पाह्यला नाय बाई. पर तुमी एवढ्या उन्हाचं आलात, रिकाम्या हातानं कसं धाडायचं?"

मी पोट धरून हसलो. आक्का हसली नाही. वही तिनं बंबात घातली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. चित्र नाही, प्रश्न नाही. नुसतं होडीत बसायचं, आणि पक्षी समोर असताना कुणाच्या तोंडून आपसूक नाव निघालं तरच लिहायचं. अख्खा हिवाळा जायचा, कधी दोन नावं मिळायची. मी म्हणायचो, "लई झालं, आता घरी बस." ती म्हणायची, "तू बस."

दिवाळीनंतर येऊन, फुकट खाऊन शिमग्याच्या सुमारास पसार होणारा कुरव, तो पाव्हणा. तराजूवर नजर ठेवल्यासारखी चोच खाली घालून उडणारा सुरय, तो मापाडी. असं एकेक तिनं जमवलं.

मागच्या थंडीत पाण्याकाठी पक्ष्यांचा फलक लागायचा होता. तो लावणाऱ्या वनखात्याच्या साहेबांनी आक्काची यादी बाजूला सारली. "ही टोपणनावं आहेत बाई, लोकांचा घोळ होईल." आक्का तेव्हा आजारी, भांडायची ताकद नव्हती. तिनं गयाबाईंना पुढं केलं. लांबवर एक पांढरा पक्षी उडत होता. साहेब म्हणाले, सुरय. गयाबाई म्हणाल्या, "नाय, पाव्हणा हाय. मापाडी खाली बघत उडतो, ह्यो समोर बघतोय." दुर्बीण लावली... कुरवच होता. साहेब माणूस चांगला. त्यांनी यादी पुन्हा पुढं ओढली आणि पेन काढलं. आज फलकावर पुस्तकातली आणि इथली, दोन्ही नावं आहेत आणि खाली सांगणारीचं नाव, गयाबाई. स्वतःचं आक्कानं घालू दिलं नाही. पण त्या फलकासमोर ती अशी छाती काढून उभी राहिली, की मला तिचा फार अभिमान वाटला. तेव्हा बोललो नाही, ते आता बोलतो.

तेराव्याला आमच्या गारखेड्याच्या घरी गयाबाई आल्या. साहेबही आले. चहा झाल्यावर साहेबांनी मोबाईलवर एका पक्ष्याचा फोटो उघडून गयाबाईंपुढं धरला. याला तुमच्याकडं काय म्हणतात? मला वाटलं, आता सांगतील. एवढा मोठा साहेब, तोही आपणहून विचारतोय... गयाबाईंनी फोटो नीट पाहिला आणि मोबाईल परत दिला.

"असं नाय सांगत साहेब. पाण्यावर या."