याओचा डावा हात

हे बायकोलाही ठाऊक नाही. तिला वाटतं, आमचा बँड हेव्यादाव्यांत बुडाला. तसं ते खोटंही नाही म्हणा — पण हेवा एकट्या माझा होता.

इकडे परदेशात, ब्रॉसार्ड नावाच्या गावात, क्वेसीच्या बेसमेंटमध्ये आमची सुरुवात झाली. क्वेसी घानाचा, ड्रम वाजवायचा, बँड त्याचाच. याओ टोगोचा, गिटारवर. बाकीचेही तिकडचेच. मी एकटा पुण्याचा — कीबोर्ड. त्यांचे ताल आणि रॉक यांचं असं काही जमून आलं की उन्हाळ्यातले मोठे फेस्टिव्हल झाले, मग युरोपचा दौराही ठरला. पण लोक वेडे व्हायचे ते याओसाठी. माझा कीबोर्ड कुणाला ऐकू तरी यायचा का? क्वेसीने माझे तुकडे हळूहळू छाटूनच टाकले.

त्या हिवाळ्यात माझी पाठ धरली होती. याओ आपणहून माझ्या ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायला आला, घसरला आणि उजव्या खांद्यावर आपटला. गिटार मांडीवर घेऊन कशीबशी वाजवता यायची. तो हात मात्र पुढे करता येत नव्हता. दौऱ्यातून काढतील म्हणून त्याने मला शपथ घातली — कुणाला सांगू नकोस.

मग क्वेसीच्या मुलीचं बारसं. याओने बाळासाठी आणलेली शाल क्वेसीच्या वडिलांपुढे धरली — डाव्या हाताने. त्यांच्यात हा घोर अपमान. आपल्यात तरी शुभकार्यात असं कोण देतं? म्हाताऱ्याने शाल घेतली नाही. क्वेसीने मला बाजूला नेलं. बिचारा कारण शोधत होता.

"त्याच्या हाताला काही झालंय का?"

"नाही," मी म्हणालो. "हात चांगला आहे त्याचा."

शपथ पाळत होतो का मी? मुळीच नाही. मला ती आठवलीसुद्धा नाही. डोळ्यांसमोर होतं ते याओ नसलेलं स्टेज. आणि — लिहायला लाज वाटते — तो शाल धरून तसाच उभा होता, ते बघताना मला मजा येत होती.

नंतर याओने खरं सांगितलं. कोण ऐकतो? क्वेसीने माझा शब्द पुढे केला आणि त्याला काढलं. अर्धे जण याओबरोबर गेले, दौरा रद्द झाला, बँड संपला.

काही दिवसांनी याओ घरी आला. वाटलं, आता कॉलर धरणार. तो माझी माफी मागायला आला होता. आपण शपथ घालून मला खोटं बोलायला लावलं, बँड आपल्यामुळेच फुटला, अशी त्याची समजूत. "तू शब्द पाळलास, ब्रदर," म्हणाला, आणि रडला.

मी त्याला पाणी दिलं. पाठीवर हात ठेवला. आणि म्हणालो, "जाऊ दे, मी मनात काही ठेवलेलं नाही."