शंभर चिंचोक्यांचा संघ

लिलावाच्या आदल्या दिवशी व्यापारी आमच्या डेपोत यायचे आणि लाकडांना नावं ठेवायचे. सागवानाच्या थप्पीवर चढून लठ्ठ्यावर दगड ठोकायचे, कान लावायचे आणि शेजारच्या व्यापाऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचे, "पोकळ हाये. आतून गेलं." ज्याला जो लॉट हवा असेल त्यालाच तो जास्त नावं ठेवायचा. भाव पडला की दुसऱ्या दिवशी तोच माणूस बोली लावून माल उचलायचा. डेपोतल्या प्रत्येक मजुराला ही रीत माहीत होती. माझे वडील तिथे लठ्ठ्यांवर नंबर टाकायचे. मी ती रीत त्यांच्या मागे फिरता फिरता शिकलो.

गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन तीनेक वर्षं झाली होती. मी एकोणीस वर्षांचा होतो. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील नागपूरच्या कामगार सभेहून, चंद्रपूरच्या मेळाव्याहून ती आणायचे, आणि आई त्यांच्या कोऱ्या बाजूवर वाण्याची यादी लिहायची. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. त्यामुळे माणूस हा विकायचा माल नाही, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. चौकात कोणी ठेकेदाराची बाजू घेतली की मी त्याला तिथेच सोलून काढायचो.

फुटबॉल आमच्याकडे बंगाली निर्वासितांच्या कॅम्पातल्या पोरांमुळे आला. त्या वर्षी डेपोच्या ठेकेदारानं जानेवारीत सामने ठरवले. चार संघ, चार कप्तान. आणि एका कोळसा खाणीचे क्रीडा साहेब सामने पाहायला येणार होते. चांगली दोन पोरं ते खाणीच्या संघात घेणार, म्हणजे खाणीत नोकरी देणार. गावात त्या महिन्यात दुसरं काही बोललंच जात नव्हतं.

खेळाडू कोणी कोणते घ्यायचे यावरून भांडणं होणार हे दिसत होतं. तेव्हा डेपोच्या म्हाताऱ्या कारकुनानं तोडगा काढला. लाकडाचा करतो तसाच पोरांचा लिलाव करू. पैसे नकोत. प्रत्येक कप्तानाला शंभर चिंचोके. त्यात आपला संघ बांधायचा. सगळे हसले आणि सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. चार कप्तानांपैकी एक मी होतो.

मी दोन महिने तयारी केली. बाकीचे कप्तान दंड आणि छाती पाहून माणूस ठरवत होते. मी दोनशे पानी वही केली. रोज संध्याकाळी मैदानाच्या कडेला बसून लिहायचो. कोणाचा दम अर्ध्या तासात जातो. कोण चेंडू आला की डोळे मिटतो. कोणाची सासुरवाडी भामरागडकडे आहे आणि तो ऐनवेळी तिकडे जाऊन बसेल. कोण शनिवारी मोहाची पितो आणि रविवारी कामाचा नसतो. सरपंचाच्या पुतण्याला, म्हणजे कप्तानांतल्या माझ्या मुख्य प्रतिस्पर्ध्याला, कोण आवडतो हेही लिहिलं. ते नाव पुकारलं की मी बोली चढवत न्यायची, चाळीसपर्यंत गेली की हात खाली घ्यायचा. त्याची झोळी रिकामी झाली की मग माझा बाजार सुरू. गोलकीपरवर कोणी जास्त घालणार नाही, तो मी पंधरात घेणार. सगळं जागच्या जागी बसत होतं. एकच नाव बसत नव्हतं.

ते माझ्या दोस्ताचं. तो गोंड होता. बाप आणि मोठ्या भावासोबत डेपोत लठ्ठे वाहायचा. आम्ही शाळेत एका पाटावर बसलो होतो, सातवीत त्यानं शाळा सोडली. अनवाणी खेळायचा, डाव्या पायानं. त्याच्याकडे चेंडू आला की कॅम्पातली पोरंसुद्धा खेळायचं थांबून पाहत राहायची. त्याच्यावर साठ-सत्तर चिंचोके सहज लागणार होते. तेवढे घातले तर माझा बाकीचा संघ लंगडा.

त्या सामन्यांत त्याला खेळायचंच होतं. भावाच्या खांद्याला लठ्ठ्यानं गाठ आली होती, आंब्याच्या कोयीएवढी. तो मला म्हणाला होता, "मले लाकूड नाई उचलाचं आता. साहेबानं एकडाव पाह्यलं ना मले, मंग झालं. गेलो मी खाणीत."

लिलावाच्या चार दिवस आधी मी चहाच्या टपरीवर सरपंचाच्या पुतण्याच्या मित्राजवळ बसलो आणि हळूच म्हणालो, "कोणाले सांगू नोको. त्याच्या डाव्या गुडघ्यातून कडकड आवाज येते. वैदूनं सांगतलं, एक झटका बसला का गेला."

दोन दिवसांत गावभर झालं.

मी स्वतःला सांगत होतो की यात त्याचंही भलं आहे. कोणी बोली लावणार नाही, शेवटच्या फेरीत मी त्याला दोन-चार चिंचोक्यांत उचलेन, आणि तो सगळ्यात मजबूत संघातून साहेबासमोर खेळेल. त्याला मात्र मी काही सांगितलं नाही. त्याला तोंड बंद ठेवता येत नव्हतं, लगेच हसू फुटायचं.

तो मला विचारायला आला. "काऊन बे, लोक मले गुडघ्याचं काऊन विचारून राह्यले?"

"लोक पागल हायेत," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "असतीन."

रविवारी सकाळी लिलाव झाला, डेपोतच. ठेकेदार आणि खाणीचे साहेब खुर्च्यांवर. खेळाडूंच्या उघड्या पाठीवर खडूनं नंबर टाकलेले. एकेकानं लठ्ठ्यावर चढायचं, गोल फिरून दाखवायचं. कारकुनानं तोच सूर लावला जो तो सागवानाला लावायचा. "लॉट नंबर सात, सरळ माल, गाठ नाई, बोला!" लोक पोट धरून हसत होते. एका पोराला कोणीच मागितलं नाही तेव्हा कारकून म्हणाला, "हा जळाऊत टाका." ते पोरगं हसत हसत उतरलं आणि थप्पीमागे जाऊन बसलं, ते सामने संपेपर्यंत दिसलं नाही.

मी हसलो नाही असं लिहिता आलं असतं. मी हसलो. माझी वही अक्षरशः खरी ठरत होती. पुतण्या एकेका नावावर चढत होता आणि मी हात खाली घेत होतो. तरी तो सावध निघाला. माझ्याकडे नऊ चिंचोके राहिले तेव्हा त्याच्याजवळ पस्तीस होते.

मग माझा दोस्त लठ्ठ्यावर चढला.

"लॉट नंबर एकवीस. बोला."

कोणी बोललं नाही.

पुतण्या ओरडला, "पोकळ हाये, बाबू! ठोकून पाहा ना!"

एक जण खरंच दगड घेऊन आला. दोस्ताच्या गुडघ्यावर टकटक केलं आणि व्यापाऱ्यासारखा कान लावला. "येते आवाज, येते!" सगळा डेपो हसला. माझा दोस्तही हसला. आधी तोच हसला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी वहीत पाहत होतो.

"शिल्लक," कारकून म्हणाला.

इथपर्यंत माझा हिशेब चोख होता. शिल्लक राहिलेल्यांची दुसरी फेरी व्हायची होती, आणि तेवढ्यात साहेबांनी विचारलं, "ह्याच्या गुडघ्याची काय भानगड आहे?"

ठेकेदारानं गुडघा जाणार म्हणून सांगितलं. साहेब म्हणाले, "मग याला उतरवूच नका. मैदानात पाय मोडला तर कोणाच्या गळ्यात? नाव कापा."

हे माझ्या दोनशे पानांत कुठेच नव्हतं.

"साहेब, माहा गुडघा बरा हाये." माझा दोस्त लठ्ठ्यावरून खाली उडी मारून आला. उठबशा काढून दाखवू लागला. "पाहा ना साहेब. पाहा."

"सगळे असंच म्हणतात."

"मंग याले विचारा." त्यानं माझ्याकडे बोट केलं. "हा रोज खेळते माह्यासंग. सांग ना बे, बरा हाये का नाई?"

सगळे माझ्याकडे वळले. पुतण्याही. त्याच्या मुठीत पस्तीस चिंचोके होते. मी 'बरा आहे' म्हणालो असतो तर त्या क्षणी माझी चाल उघडी पडली असती, आणि दोस्त त्याच्या संघात गेला असता. त्याच्या संघातून खेळला असता. साहेबानं पाहिला असता. एवढंच झालं असतं. आज हे एका ओळीत लिहून होतं. तेव्हा माझ्या डोक्यात एकच चाललं होतं की असं काय बोलू, ज्यानं नाव राहील आणि भावही चढणार नाही.

मी म्हणालो, "कधी कधी दुखते म्हणते."

साहेबांनी स्वतःच्या पेनानं नाव कापलं.

माझा दोस्त उठबशी काढताना अर्ध्यात थांबला होता. तो तसाच सरळ झाला, लठ्ठ्यावरचा सदरा उचलला आणि पाठीवरचा खडू न पुसताच घालून निघून गेला.

सामने आम्ही जिंकलो. माझा गोलकीपर खाणीत लागला, आणि पुतण्याच्या संघातला एक. साहेबांनी माझी वही पाहायला मागितली. पानं उलटताना ते खूश झाले. म्हणाले, माणसं अशी ओळखणारा माणूस आम्हाला हजेरीच्या कामाला पाहिजे. मी नाही म्हणालो नाही. वडिलांनी वस्तीत पेढे वाटले. खाणीत लागल्यावर सहा महिन्यांत मी माझं पहिलं पत्रक लिहिलं, ठेकेदारी पद्धतीविरुद्ध. ते चांगलं होतं. मजुरांनी ते वाचून घेतलं, एकानं घडी करून खिशात ठेवलं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात सुटीवर आलो तेव्हा वडिलांचा डबा द्यायला डेपोत गेलो. तो तिथे होता. आठ जण एक लठ्ठा थप्पीवर चढवत होते, आणि तो पुढच्या टोकाला, तिरप्या फळीवर डाव्या पायावर भार देऊन उभा. लठ्ठा चढल्यावर तो उडी मारून खाली आला. मी त्याच्याकडे गेलो. सहा महिने जुळवलेलं वाक्य मी सगळ्यांसमोर बोललो. "गुडघ्याचं मीच उठवलं होतं. खोटं होतं."

मजूर एकमेकांकडे पाहू लागले. तो गमछ्यानं मान पुसत राहिला.

"माहीत हाये," तो म्हणाला. "तवाच माहीत होतं. मी का डेपोत नवा हावो? ज्याले माल पाह्यजे तोच नाव ठेवते."

"मग बोलला काऊन नाई?"

"तू घेशीन म्हणून." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. "म्हटलं, भाव पाडून राह्यला तर पाडू दे. घ्याले येतेच शेवटी. म्हणून तर तुलेच विचारलं साहेबासमोर."

मागून पुढचा लठ्ठा येत होता. त्याच्या भावानं हाक दिली तसा तो वळला, वाकला, भावानं गाठीच्या खांद्यावर गमछा दुमडून ठेवला होता तसाच त्यानंही आपल्या खांद्यावर ठेवला, आणि खांदा लावला.

मी मध्येच उभा होतो.

"बाजूले व्हा, बाबू," तो म्हणाला. "लागन तुमाले."